मिचेलोत्तींची गाडी

जुनी गाडी बाळगणारा माणूस तुमच्याही ओळखीत असणारच. त्याला सहज "काय, कसं काय?" म्हणावं, तर तो कार्बोरेटरची तब्येत सांगायला लागतो. आमच्या बेळगावच्या कॅम्पातल्या अण्णांचं तेवढ्यावर भागत नाही. कारण त्यांची गाडी इटालियन आहे.

म्हणजे ती तयार झाली मद्रासला. कंपनी स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया, मूळ मॉडेल इंग्लंडच्या ट्रायम्फचं, नाव हेराल्ड. यात इटली आली कुठून, असं नवखा माणूस विचारतो आणि त्याची संध्याकाळ तिथंच संपते.

"डिझाईन कुणाचं? मिचेलोत्तींचं! जिओव्हानी मिचेलोत्ती, तुरीनचे. ज्यांनी फेरारी काढली, मासेराती काढली, त्याच हातानं ही काढलीय. पत्रा मद्रासचा असेल. रेषा कुठली?"

अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. उभ्या नोकरीत त्यांनी कुणाला पुराव्याशिवाय कर्ज दिलं नाही. पण मिचेलोत्तींच्या नावावर हा माणूस काहीही मंजूर करतो.

खरं तर त्यांना हवी होती अल्फा रोमिओ स्पायडर. 'द ग्रॅज्युएट' सिनेमात डस्टिन हॉफमन चालवतो ती, पिनिनफरिनानं घडवलेली, 1966 साली आलेली. तरुणपणी तो सिनेमा पाहून त्यातली प्रेमकथा अण्णा साफ विसरले, गाडी तेवढी लक्षात राहिली. पण त्या वेळी जुनी गाडी परदेशातून आणायची तर ती 1950 च्या आधीची पाहिजे, असा नियम. मग कुणीतरी सांगितलं, निपाणीत तंबाखूच्या वखारीत एक हेराल्ड पडून आहे. अण्णांनी घरी येऊन पुस्तक उघडलं, त्यात मिचेलोत्ती भेटले आणि दुसऱ्या दिवशी मला घेऊन ते निपाणीला निघाले.

गाडीवर तंबाखूची बोदं रचलेली होती. मालक म्हणाला, "न्या की वो, जागा तरी मोकळी होईल." इतक्या स्वस्तात गोष्ट आटपत आली होती. पण अण्णांना राहवलं नाही. त्यांनी बोदं बाजूला सारून बॉनेटवरून हात फिरवला आणि मालकाला मिचेलोत्ती सांगितले. फेरारी सांगितली. मासेराती सांगितली. मालक शांतपणे ऐकत होता. चहा संपेपर्यंत किंमत दुप्पट झाली. परतताना अण्णा म्हणाले, "पण त्याला कळलं तरी, आपल्याकडं काय आहे ते!" त्या गाडीला आजही तंबाखूचा वास आहे. उंदरांनी मात्र एकही सीट कुरतडलेली नव्हती.

पुढची वर्षं मिचेलोत्ती गावभर झाले. हेराल्डच्या पुढच्या चाकाला ट्रनियन म्हणून एक पितळी भाग असतो. त्याला ग्रीस नाही, गिअर ऑइल लागतं. आधीच्या ड्रायव्हरनं मोठ्या प्रेमानं ग्रीस भरलेलं, त्यामुळं आतले आटे झिजून गेले आणि एके दिवशी ऐन फोर्ट रोडवर डावं चाक आडवं झालं. उद्यमबागेतल्या टर्नरनं नवा ट्रनियन करून दिला. (बेळगावात लेथवर काय होत नाही? क्रँकशाफ्ट होतो, तिथं हा किस झाड की पत्ती.) अण्णा त्याच्यापुढं उभे राहून मिचेलोत्तींना काय अपेक्षित होतं ते सांगत होते. बिल आलं ते 'श्री. मिचेलोत्ती, कॅम्प' या नावानं. टर्नरची समजूत, मालक ते आणि अण्णा त्यांचे मॅनेजर. मासळी बाजारातल्या बाईनं मला विचारलं, "ते मिचेलोत्ती मडगावचे काय?" आणि वहिनींनी एकदा भांडी आपटत विचारलं, "त्या मिचेलोत्तीला बायको होती की नाही?"

हेराल्डचं एक मान्य करायला पाहिजे. तिची बॉडी तुकड्यातुकड्यांची, वेगळ्या चासीवर बोल्टनं आवळलेली. इंग्लंडात एकसंध बॉडी करून देणारे कारखाने प्रतिस्पर्ध्यांच्या हातात गेले होते, म्हणून ही अडचणीतली युक्ती. पण त्यामुळं बॉनेट पंखांसकट अख्खं पुढं उघडतं आणि टायरवर बसून इंजिनाचं काम करता येतं. पंचवीस फुटांत ती वळते. हे सिद्ध करायला अण्णा ती खडे बाजारात वळवतात आणि मग वळलेली गाडी पुढं जायला अर्धा तास लागतो, तो भाग वेगळा. आणि मुख्य म्हणजे टपाचे बोल्ट काढले की टप सुटतो.

हे कळल्यावर तो राहणार कसा? कॅम्पातले बंगले जुने. कौल हलवायचं म्हटलं तरी कॅन्टोन्मेंट बोर्डाची परवानगी लागते. अण्णांचं घर त्या परवानगीच्या वाटेकडं डोळे लावून गळत होतं. गाडीच्या छपराला परवानगी लागत नाही, म्हणून त्यांनी ते आधी काढलं. स्पायडर झाली! टप परसात नेऊन ठेवला, तो वहिनींनी बंबाच्या जळणावर झाकला. जळण कोरडं राहायला लागलं. आता टप परत मागायची अण्णांची छाती नाही.

राहिलं फक्त हूड. कॅनव्हासचं, घडीचं.

"हूड तेवढं राहिलंय," हे वाक्य मी किती पावसाळे ऐकतोय! आणि पाऊस कुठला, तर बेळगावचा. कोल्हापूरचा कुशनवाला म्हणतो, "फ्रेम घेऊन या, मग माप घेतो." बेळगावचा फॅब्रिकेटर म्हणतो, "कापड आणा, मग फ्रेम वाकवतो." दोघांच्या मध्ये कोगनोळीचा नाका. 2021 साली पन्नास वर्षांवरच्या गाड्यांची विंटेज म्हणून नोंदणी करायचा नियम आला, तेव्हा अण्णा हरखले. पण गाडी मूळ स्वरूपात पाहिजे, ही अट. एजंटनं आरसी बघून विचारलं, "सलून लिहिलंय. टप कुठाय?" जळणावर आहे, हे अण्णा सांगू शकले नाहीत. ते त्याला मिचेलोत्ती सांगायला लागले.

एकदा निपाणीच्या लग्नाला आम्ही या गाडीतून गेलो. तवंदी घाटात वळीव आला. वहिनींनी छत्री उघडली, ती वाऱ्यानं उलटी झाली, आणि त्याच क्षणी गाडी महामार्गाच्या मधोमध बंद पडली. मागं ट्रकांची रांग. टपरीवरचा एक म्हातारा शेतकरी आमच्याकडं निरखून बघत होता. 1981 साली शरद जोशींच्या मागं तंबाखूवाल्या शेतकऱ्यांनी निपाणीत हाच रस्ता अडवला होता, त्यातला तो असावा. म्हणाला, "आम्हीबी अडवला होता. पण आमच्या मागण्या होत्या. तुमची मागणी काय हाय?"

"हूड तेवढं राहिलंय," अण्णा म्हणाले.

बाहेरचा माणूस याला हसतो. बेळगावातला मराठी माणूस हसताना जरा चाचरतो. आमचंही एक काम, महाराष्ट्रात जायचं, 1956 पासून होत आलंय. 2004 पासून ते सर्वोच्च न्यायालयात आहे. मुंबईहून अधूनमधून कुणीतरी येतं, फेटा बांधून घेतं आणि आता थोडंच राहिलंय म्हणून सांगून जातं. मधल्या काळात इथं सुवर्ण विधानसौध उभं राहिलं, 2014 साली गावाचं सरकारी नाव बदललं, आणि आम्ही दर 1 नोव्हेंबरला काळा दिवस पाळून 2 तारखेला पुन्हा दुकानं उघडली. इकडचे म्हणतात आधी कापड, तिकडचे म्हणतात आधी फ्रेम. छप्पर कुणी घालायचं ते ठरेपर्यंत पाऊस अंगावर घ्यायची सवय असलेल्या गावात अण्णांना वेडं कुणी म्हणायचं?

पण सांगायचं राहिलं ते गाडी ढकलण्याचं. अण्णांची गाडी किल्लीवर सुरू होत नाही. पूर्वी ढकलायला पोरं असायची. फाटकातून हॉर्न वाजला की क्रिकेट टाकून यायची. ती आता पुण्याला, बंगळूरला, एक कॅनडात. अण्णांचा स्वतःचा मुलगाही त्यांतच. आता ढकलायला असतो आम्ही: मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले सुभेदार, गुडघ्याला पट्टा बांधलेले एक मास्तर, सायकल टेकवून आलेला पाववाला आणि मी. सुभेदार रेजिमेंटची घोषणा देतात, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की..." आणि 'जय'ला मिचेलोत्तींचं इंजिन धरतं. मग वहिनींचा चहा. कुणाची शुगर वाढली, कुणाचा बंगला बंद पडला, कुणाच्या नातवाला मराठी बोलता येत नाही, हे सगळं तिथंच कळतं. एरवी आम्ही एकमेकांच्या फाटकात पाऊल टाकत नाही.

परवा उद्यमबागेत माझ्या स्कूटरच्या कामाला गेलो होतो. मिस्त्रीला म्हटलं, अण्णांच्या स्टार्टरचं एकदा बघा की, आमच्या कमरा गेल्या.

"त्याला काय झालंय?" मिस्त्री म्हणाला. "नवीन बेंडिक्स घालून कवाच दिलंय की वो. अर्ध्या किल्लीवर सुरू होतंय."

मी तडक अण्णांच्या घरी गेलो. ते बाहेर गेले होते. वहिनींना सगळं सांगितलं.

"मला ठाऊक आहे की," त्या म्हणाल्या. "त्यांनी हॉर्न वाजवायच्या आधीच मी चहाचं आधण ठेवते."

"आणि हूड?" मी जरा आशेनं विचारलं.

"ते मात्र खरंच राहिलंय."