अध्यक्षांची शिस्त

दुफळीच्या वादात सभेला शिस्त लावण्याचे काम अध्यक्षाचे. तो निःपक्षपाती असावा असा संकेत आहे; बहुधा भांडण सुरू होते ते त्याच्याच निवडीवरून. डिसेंबर १९०७ची सुरत काँग्रेस हा त्याचा अस्सल नमुना. नागपुरात जहालांचा जोर दिसताच अधिवेशन सुरतेला हलवले गेले. जागा बदलली की मते बदलतात, अशी समजूत असावी. नियोजित अध्यक्ष रासबिहारी घोष. त्यांना अनुमोदन द्यायला उठलेल्या सुरेंद्रनाथ बॅनर्जींचा आवाज गोंगाटात बुडाला आणि सभा तहकूब झाली. दुसऱ्या दिवशी टिळकांनी बोलण्याची परवानगी चिठ्ठीने मागितली. यावर चालकांकडे हमखास उपाय असतो: उत्तरच न देणे. तो योजला गेला. टिळक थेट व्यासपीठावर जाऊन उभे राहिले. तेवढ्यात एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. दोघेही मवाळ, तेव्हा नेम अगदीच वाईट म्हणता येणार नाही. मग काठ्या, खुर्च्या आणि शेवटी पोलीस. घोषांचे भाषण राहूनच गेले. १९०८मध्ये मवाळांनी काँग्रेसची घटना अशी बेतली, की जहालांना आत शिरणेच अवघड व्हावे. १९१६ला लखनौत जहाल परत येईपर्यंत अधिवेशनांत मग जोडा फेकण्याइतके कोणी उरलेच नाही.