बंदूक चोख, सौदा खोटा

गिरणगावातला माणूस बंदूक बाळगत नाही. बंदुकीची हळहळ बाळगतो.

गावाला आजोबांची ठासणीची होती. आढ्याला टांगलेली. काकांनी विकली. कितीला? इथे आवाज उतरतो. 'तेव्हाचे तेवढे म्हणजे आजचे...' असं म्हणत गडी सोन्याचा भाव काढतो, गिरणीतला पगार काढतो आणि शेवटी काकांचा उद्धार करतो. त्या बंदुकीने आयुष्यात काय मारलं, हे कुणालाच आठवत नाही. काकांनी किती मारले, हे मात्र सगळ्या भावकीला पाठ.

दादरकडे हीच हळहळ जरा इस्त्री केलेली असते. तिथे ठासणीची नव्हे, विलायती दुनळी. वेब्ली अँड स्कॉट. सासरे शिकारीचे शौकीन. १९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार संपली, दुनळी कपाटावर चढली. पुढे जावयाने ती स्कूटरच्या किमतीत देऊन टाकली आणि स्वतःला हुशार समजला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर सरकारने साध्या परवानाधारकासाठी परदेशी हत्यारांची आयात बंद केली. देशात होता तेवढाच विलायती माल उरला. परदेशात जुन्या बाजारात कुणी ढुंकून पाहणार नाही, अशा पिस्तुलांचा भाव इथे लाखांत गेला. लोखंड तेच. नळी तीच. फक्त दार बंद झालं.

स्कूटर भंगारात गेली. जावई अजून ऐकून घेतोय.

पण खरी गंमत पुढे आहे. ज्याने विकली नाही, तो तरी सुखी आहे का? छे! तो तर जास्तच कावलेला. परवान्याचं नूतनीकरण, पोलिसांची पडताळणी, डॉक्टरचा दाखला. मालक गेला की वारसाच्या नावावर करायला बाकीच्या भावंडांची ना-हरकत. घराच्या वाटणीवर सह्या न करणारी भावंडं बंदुकीच्या कागदावर करतील?

बरं, नको तर विका. विकणार कुणाला? घेणारा परवानाधारक हवा. त्याच्या परवान्यावर जागा रिकामी हवी. त्याच प्रकारच्या हत्याराची परवानगी हवी. ती परवानगी मुदतीत हवी. यापेक्षा मुलीचं स्थळ लवकर जमतं.

तोवर दुनळी बंदूकवाल्याच्या दुकानात ठेवायची. त्याचं भाडं द्यायचं. शिवाजी पार्कच्या माणसाने भाडं घ्यायचं सोडून उलट द्यायचं, म्हणजे दिवस किती खराब!

त्यात २०१९ चा डिसेंबर आला. शस्त्र कायदा १९५९ चा. त्यात दुरुस्ती करून एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं, असं ठरलं. नेमबाज खेळाडूंना सूट. बाकीच्यांनी तिसरं वर्षभरात जमा करावं. मुळात विधेयकात एकच ठेवा म्हटलं होतं. आरडाओरडा झाला तेव्हा दोनवर मिटलं. म्हणजे घासाघीस इथेही झालीच. फक्त ती संसदेत झाली.

तिसरी बंदूक हौसेने घेतलेले एका रात्रीत विक्रेते झाले. आणि सगळेच विकायला निघाले की भावाचं काय होतं, हे लालबागच्या मसाला गल्लीत कुणालाही विचारा.

मग स्वदेशी घ्या, असं कुणीतरी म्हणणारच. घ्या ना. जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने खास महिलांसाठी 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्वर काढलं. वजन पाचशे ग्रॅम. दागिन्याच्या डबीसारखी डबी. किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर नाव सुचलं म्हणे.

परळहून शेवटची लोकल पकडणाऱ्या नर्सने ते कुठून घ्यायचं, हे मात्र डबीत लिहिलेलं नव्हतं.

आणि मुळात मुंबईत परवाना मागायचा कशाला? अर्जात लिहितात, जिवाला धोका. असेलही. बिल्डरला असतो, नगरसेवकाला असतो, दोघांचं एकमेकांशी फाटलं तर दोघांनाही असतो. पण गिरगावातल्या चाळकऱ्याच्या जिवाला खरा धोका वरच्या मजल्याच्या छज्ज्याचा. त्याच्यावर बंदूक रोखून उपयोग नाही. तो नोटिशीलाही घाबरत नाही.

कोकणातल्या बंदुकीचं जरा वेगळं. तिचा परवाना असतो शेतीसंरक्षणाचा. म्हणजे कामाची वस्तू. आता काम कसं चालतं पाहा. नळीत दारू ओतायची. वर काथ्याचा बोळा. गजाने ठासायचा. मग छर्रे. पुन्हा बोळा, पुन्हा ठासणं. मग केप बसवायची. एवढं होईस्तोवर डुक्कर शेजाऱ्याच्या भातात. शेजाऱ्याकडेही ठासणीचीच. डुकराला हे पाठ आहे.

समजा, बार वेळेत भरला. तरी डुकराला मारायचं तर वन खात्याची परवानगी. म्हणजे शेत राखायला बंदूक एक खातं देतं आणि झाडायची की नाही ते दुसरं खातं ठरवतं. अर्ज टेबलावरून टेबलावर जातो. डुक्कर थेट जातं.

निवडणूक लागली की ठाण्यातून निरोप येतो, बंदूक जमा करा. कुणाची घ्यायची, कुणाची नाही हे छाननी समितीने ठरवावं, असं आयोग सांगतो. गावात सरसकट निरोप सोपा पडतो. निकालानंतर पोत्यात बांधलेली परत मिळते, चिठ्ठी लावलेली, थोडा गंज चढलेली. आमदार बदलतो, बंदूक तीच येते. पीक मात्र गेलेलं असतं.

माकडांना आचारसंहिता लागू नाही.

लोकांचं सोडा. सरकारचे सौदे कोणते मोठे शहाणपणाचे? २४ मार्च १९८६. बोफोर्स तोफा. १४३७ कोटींचा करार. पुढच्याच वर्षी स्वीडिश रेडिओने दलालीची बातमी फोडली. चौसष्ट कोटींचा आकडा चहाच्या टपरीवर पोचला. १९८९ मध्ये सरकार गेलं. तपास चालला तो चाललाच. त्यावर अडीचशे कोटी गेल्याचं पुढे कोर्टानेच म्हटलं.

चौसष्ट शोधायला अडीचशे. असा दलाल कुठे मिळेल?

आणि तोफ? तोफ उत्तम निघाली. १९९९ मध्ये कारगिलला तिनेच डोंगर भाजून काढले. ज्यांनी दहा वर्षं तिच्या नावाने शिमगा केला, तेच टाळ्या वाजवत होते. टाळ्यांवर दलाली नसते.

पण खरा पस्तावा वेगळाच. बोफोर्सने पोळलेल्या बाबूंनी पुढे सहीच करायची सोडली. थेट २०१७ मध्ये अमेरिकन हॉवित्झर येईपर्यंत लष्कराला नवी परदेशी तोफ दिसली नाही. तीस वर्षं. वाईट सौदा होऊ नये याचा सरकारी उपाय सोपा आहे: सौदाच नको.

मग आपणच बोफोर्सवरून 'धनुष' बनवायला घेतली, जबलपूरला. २०१७ मध्ये सीबीआयने गुन्हा नोंदवला: जर्मन म्हणून आलेली बेअरिंगं चिनी असल्याचा. शिक्का मात्र 'मेड इन जर्मनी'. दोन टाकीच्या फुटपाथवर असा माल सांगून विकतात. तिथे निदान फसवणूक नाही.

मला विचाराल तर या शहरात बंदुकीचा एकच प्रामाणिक सौदा होतो. जत्रेत, चौपाटीवर, फुगेवाल्याकडे. नळी वाकडी आहे हे त्यालाही ठाऊक, तुम्हालाही ठाऊक. दहा छर्रे, चार फुगे. कुणी चौकशी समिती मागत नाही.

त्याच गिरगाव चौपाटीवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तुकाराम ओंबळे नाकाबंदीला उभे होते. हातात लाठी. समोर एके-४७. त्यांनी नळी धरली आणि सोडली नाही. सीएसटीवर पोलिसांकडे थ्री-नॉट-थ्री होत्या, ज्यांनी पहिल्या महायुद्धात नाव कमावलं होतं. त्या बंदुका बदलायच्या म्हणून किती फायली किती वर्षं फिरल्या असतील? बाकी फाईल फिरवण्यात आपला नेम कधी चुकत नाही.

नंतर घेतलं हो सगळं. आधुनिक रायफली आल्या, 'फोर्स वन' ही कमांडो तुकडी उभी राहिली. बुलेटप्रूफ जाकिटं आली ४६००. २०१७ मध्ये चाचणी घेतली तर त्यातली हजाराहून अधिक एके-४७ पुढे नापास. माल परत पाठवला. हल्ल्याला तेव्हा नऊ वर्षं होत आलेली. तरी यातल्या त्यात बरा सौदा म्हणायचा. निदान अंगात घालण्याआधी तपासलं.

दादरचा विषय निघालाच होता, तर तिथला एक जुना हिशेबही काढू. १४ जानेवारी १९४८. पुण्यात 'शस्त्र भांडार' चालवणारा दिगंबर बडगे माल घेऊन दादरच्या हिंदू महासभेच्या कचेरीत आला. गिऱ्हाईक नथुराम गोडसे आणि नारायण आपटे. माल रात्री भुलेश्वरला एका घरी ठेवला. २० तारखेला दिल्लीत, महासभा भवनामागच्या झाडीत, जमवलेली दोन रिव्हॉल्वर झाडून पाहिली. एकाचं चाक फिरेना. दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोचेना. हे बडगेनेच पुढे माफीचा साक्षीदार होऊन कोर्टात सांगितलं.

मग ग्वाल्हेरला इटालियन बेरेटा मिळालं. ते चाललं.

अख्ख्या देशाने हळहळावं असा हा एकच सौदा. ग्वाल्हेरच्या मालातही खोट निघायला हवी होती.

इतिहासात विकणाऱ्याला पस्तावा झाल्याचं उदाहरण? मला एकच आठवतं. १६६०. महाराज पन्हाळ्यावर सिद्दी जौहरच्या वेढ्यात. राजापूरच्या वखारीतल्या इंग्रजांनी जौहरला दारूगोळा पुरवला. नुसता पुरवला नाही, हेन्री रेव्हिंग्टन साहेब स्वतः माणसं घेऊन आला, आपलं निशाण लावून गोळे डागून गेला. विक्रीपश्चात सेवा म्हणतात ती हीच. पुढच्याच वर्षी महाराज राजापुरात. वखार लुटली, साहेबलोक सोनगडावर कैदेत. दीड-दोन वर्षं. सुटल्यावर नुकसानभरपाईचे तगादे किती वर्षं लावले, विचारू नका. माल विकून वर भरपाई मागायची ही कंपनीची रीत तेव्हापासूनची.

आपण शहाणे झालो का? शिंद्यांनी आग्र्याला तोफा ओतून घेतल्या. फर्स्ट क्लास. इंग्रजांनाही मान्य. माल चोख होता, चूक भरतीत होती. पलटणींवर गोरे अधिकारी पगारी ठेवले. १८०३ मध्ये कंपनीने जाहीरनामा काढला, आमचे असाल तर परत या. बरेच गेले. त्याच वर्षी सप्टेंबरात असईला वेलस्लीने ९८ तोफा काबीज केल्या.

एवढ्या तोफा एका दिवसात. पावतीसुद्धा नाही.

आता सरकारजमा झालेल्या सगळ्यात वजनदार मालाचं ऐका. नोव्हेंबर २०१८ मध्ये मलबार हिलला राजभवनाच्या पायथ्याशी इंग्रजांच्या वेळच्या दोन तोफा मातीत सापडल्या. एकेक २२ टनांची. क्रेन लावून वर काढल्या, घासूनपुसून मांडून ठेवल्या. त्यांना परवाना लागत नाही. नूतनीकरण नाही. निवडणुकीला जमा करायच्या नाहीत. दोनच आहेत, म्हणजे २०१९ च्या कायद्यातही बसतात.

विकायच्या म्हटल्या तर तेवढं बघा. घेणाऱ्याच्या परवान्यावर जागा रिकामी हवी.