गाडीचं कूळ

नगर जिल्ह्यात कुणाच्या मळ्यात कडब्याच्या गंजीमागं गंजलेलं बोनेट निघालं, तर त्याची खबर तलाठ्याआधी भाऊसाहेबांना लागते. भाऊसाहेब हे कुणा एकाचं नाव नव्हे. राहुरीला एक आहेत, श्रीगोंद्याला आहेत, भिंगारमध्ये तर दोन आहेत आणि ते एकमेकांशी बोलत नाहीत. एकानं मॉरिस-कमर्शियल ठरवलेला सांगाडा दुसऱ्यानं भर चौकात बेडफर्ड ठरवला होता.

भाऊसाहेबांचं पोट स्पेअर पार्टच्या दुकानावर चालतं, जीव मात्र जुन्या विलायती छोट्या ट्रकात अडकलेला. त्यासाठी नगरसारखा जिल्हा नाही, असं ते सांगतात आणि त्यात तथ्य आहे. पर्जन्यछायेतला मुलूख, कोकणात जो पत्रा चार पावसाळ्यांत चाळण होतो तो इथं वर्षानुवर्षं नुसता तांबूस होत बसतो. अकोल्याच्या घाटाकडची गाडी असेल तर भाऊसाहेब बघायलाही जात नाहीत. त्यात नगरला लष्कराची मोठी छावणी. लिलावात सुटलेली गाडी आधी वाळू वाहते, मग ऊस, मग कडबा, आणि शेवटी तिच्यात कोंबड्या राहतात. कोंबड्यांच्या मुक्कामी भाऊसाहेब पोचतात.

सोबत वायर ब्रश आणि रॉकेलची बाटली. मालकाला रामराम घालून, सोयरीक जुळवायला आल्यासारखी गाडीच्या कुळाची चौकशी सुरू होते. मूळ गाव ल्यूटन असेल तर बेडफर्ड. जाळीवर ग्रिफिन शोधायचा, तोंड गरुडाचं, धड सिंहाचं. पण कॉमरही ल्यूटनचीच, त्यामुळे भाऊबंदकीचा घोळ होतो. बर्मिंगहॅम निघालं तर मॉरिस-कमर्शियल. रंगाचे थर खरवडता खरवडता खाली इंग्रजी झेड दिसला की भाऊसाहेबांना घाम फुटतो. ब्रिटिश फौजेत एक टनाखालच्या ट्रकच्या नंबराला झेड लागे, मोठ्या लॉरीला एल.

"ही फिफ्टीन हंड्रेडवेट," ते मालकाला समजावतात. "म्हणजे साडेसात क्विंटलच्या थोडं वर माल."

"आम्ही तीन टन ऊस भरायचो," मालक म्हणतो.

शेवटची परीक्षा पान्याची. मिलिमीटरचा पाना नटावरून घसरला की भाऊसाहेब खुलतात. मग पिशवीतून व्हिटवर्थचा पाना निघतो. जोसेफ व्हिटवर्थनं १८४१ साली ५५ अंशांचे आटे ठरवून दिले, हे ते इतक्या आदरानं सांगतात की मालक नकळत चप्पल काढतो.

अडचण एवढीच की दुसऱ्या महायुद्धातल्या असल्या पुष्कळ गाड्या कॅनडात बनलेल्या, फोर्ड आणि शेव्हरोलेच्या. भाऊसाहेब क्षणभरच खट्टू होतात. "कॅनडा म्हणजे राजाचाच की!" पण डॉज निघाली तर ते चहा अर्धा टाकून उठतात आणि निसानचा वन-टन निघाला तर चहा घेतच नाहीत.

कुणी विचारलंच की या भंगाराचा नगरशी संबंध काय, तर ते १ जून १९४८ काढतात. त्या दिवशी पुणे-नगर मार्गावर राज्यातली पहिली एसटी धावली, ती बेडफर्ड होती. लाकडी बॉडी, तीस आसनं. ती तर बस होती, असं म्हणायची सोय नाही. "बस म्हणजे ट्रकच. फक्त माल बोलतो."

पाहुणे आले की ते त्यांना १९९४ साली सुरू झालेल्या रणगाडा संग्रहालयात नेतात. रोल्स-रॉइसची चिलखती गाडी, चर्चिल, सेंच्युरियन, पाकिस्तानचा पॅटन, सगळ्यांवरून नजर फिरवून ते उसासा टाकतात. "रणगाडे ठेवले. पण रणगाडेवाल्यांचा शिधा कुणी नेला?" हा प्रश्न वेडगळ आहे असं मला बरेच दिवस वाटायचं, आता वाटत नाही.

खरी फजिती सुरू होते ट्रक केडगावच्या मिस्त्रीकडं ओढून नेल्यावर. मिस्त्री बोनेट उघडतो. आत मूळचं पेट्रोल इंजिन बहुधा नसतंच. कुणीतरी कधीच पर्किन्सचं डिझेल बसवलेलं असतं, तेही मद्रासच्या सिम्पसनमध्ये बनलेलं. भाऊसाहेब त्याचीही वाट काढतात. पर्किन्स पीटरबरोचं, म्हणजे माहेर विलायतेचं, बाळंतपण तेवढं मद्रासला.

"भाऊसाहेब, ब्रेक टाटाचे टाकू. गाडी थांबंल तरी."

"मूळचेच पाहिजेत."

"मूळच्यानं थांबत नव्हती."

हा वाद वर्षभर सहज चालतो. मिस्त्रीला गाडी रस्त्यावर आणायची असते. भाऊसाहेबांना तशी घाई नसते, कारण गाडी चालू झाली की शोधायचं काय उरलं? दोन वायपर आणि एक दिवा ते मुद्दाम कमी ठेवत असावेत, असा वहिनींचा जुना संशय आहे. अंगणातला आधीचा सांगाडा त्या वाळवणासाठी वापरतात. पापड त्यावर फार छान वाळतात.

तरी एखादा ट्रक उभा राहतोच. गेल्या हंगामात एका लग्नाच्या फोटोग्राफरनं प्री-वेडिंगसाठी गाडी मागितली. भाड्याला नको नको म्हणत भाऊसाहेबांनी इसार घेतला, जाळीवरचा ग्रिफिन चिंचेनं घासला, नवरानवरीला हौद्यात चढवून स्वतः हँडल मारलं. इंजिन तिसऱ्या झटक्याला सुरू झालं. फोटोग्राफर कॅमेऱ्याला डोळा लावून ओरडला, "वहिनी, जरा त्या जुन्या टाटाला टेकून उभ्या राहा ना!"

भाऊसाहेबांनी इंजिन बंद केलं आणि इसार परत दिला.