विशेष शिक्षिका व्हा: कर्जासह, सोप्या पायऱ्यांत

राज्य निवडायचं तर न्यूयॉर्क. तिथे सुरुवातीचं प्रमाणपत्र पाच वर्षं चालतं. तेवढ्यात मास्टर्स झालं नाही तर पक्कं प्रमाणपत्र मिळत नाही. त्यामुळे करू की नको या घोळात वेळ जात नाही. नोकरी टिकवायला कर्ज काढा, कर्ज फेडायला नोकरी टिकवा. पुण्याला फोनवर नुसतं ‘अमेरिकेत मास्टर्स करतेय’ एवढंच सांगा. ऐकणाऱ्याला कॉम्प्युटरचं वाटलं तर वाटू द्या.

पगाराचं म्हणाल, तर देशभरातल्या निम्म्या विशेष शिक्षकांना २०२४ साली वर्षाला साधारण ६४ हजार डॉलरहून कमी मिळत होते. रुपयांत गुणाकार करायचाच असेल तर आधी घरभाड्याचा करा.

आता अनुदान. ‘टीच ग्रँट’मधून वर्षाला ४ हजार डॉलरपर्यंत मिळतात. अट एवढीच, की पुढच्या आठ वर्षांतली चार गरीब वस्तीतल्या शाळेत शिकवायचं. नाही जमलं तर अनुदानाचं कर्ज होतं आणि व्याज पैसे हातात पडल्या दिवसापासूनचं. अट पाळणाऱ्या हजारो शिक्षकांच्या माथीही ते कर्ज आलं होतं, कारण कुणाचा वार्षिक कागद उशिरा पोचला, कुणाची सही राहिली. २०१८मध्ये बोभाटा झाल्यावर सरकारने निस्तरायला घेतलं.

कर्जमाफी म्हटल्यावर मराठी कान टवकारतात. इथे मोर्चा चालत नाही, फाइल चालते. माफ्या दोन. गरीब शाळेत सलग पाच वर्षं काढली की विशेष शिक्षिकेचे १७,५०० डॉलरपर्यंत माफ. दुसरी २००७च्या कायद्याची: सार्वजनिक सेवेत राहून १२० हप्ते भरा, उरलेलं माफ. नवशिकी म्हणते, दोन्ही घेते. जरूर घ्या. फक्त पहिलीसाठी मोजलेली पाच वर्षं दुसरीत धरत नाहीत, म्हणजे दहाची पंधरा झाली. २०१७मध्ये दुसरीचे पहिले मानकरी अर्ज घेऊन आले, तेव्हा सुरुवातीला शंभरातले नव्याण्णव परत गेले. कितीतरी जणांनी हप्ते नेमाने भरले होते, पण चुकीच्या योजनेत.

वर्गात तुम्ही मुलाला एका वेळी एकच सूचना द्याल, जादा वेळ द्याल, चुकलं तर पुन्हा करू द्याल. त्याच्या आयईपीत, म्हणजे त्याच्यापुरत्या आखलेल्या शिक्षण आराखड्यात, तसं लिहिलेलं असतं आणि ते शाळेवर बंधनकारक असतं. हप्ते गोळा करणाऱ्या कंपनीकडून यातलं काहीही मागू नका. फोनवर संगीत मात्र ती भरपूर ऐकवते.

२०२५च्या कायद्याने काम आणखी सोपं केलं. १ जुलै २०२६पासून नव्याने मास्टर्स करणाऱ्यांना सरकारी कर्ज वर्षाला २०,५०० डॉलरपर्यंतच. डॉक्टर-वकील होणाऱ्यांना ५० हजार; शिक्षक त्या रांगेत बसत नाहीत. कमी पडेल ते खासगी बँकेकडून आणा. तिच्या अर्जात माफीचा रकाना शोधू नका.

आणि हो, विशेष शिक्षणाच्या जादा खर्चातला ४० टक्के वाटा केंद्र उचलेल, असं अमेरिकी काँग्रेसने १९७५च्या कायद्यात ठरवलं होतं. तो वाटा एकाही वर्षी पुरता आलेला नाही आणि त्या थकबाकीवर व्याजही चढत नाही. तोवर खडू, चित्रं, कानावरचे हेडफोन तुम्हीच आणा आणि पावत्या जपा: २०२५ साली ३०० डॉलरपर्यंतचा खर्च करपात्र उत्पन्नातून वजा होत होता. तीनशे एकावा डॉलर हौसेचा होता.