भाऊबीज, व्हाया खंबाटकी

आमच्या घराण्याचा इतिहास कुणी लिहून ठेवलेला नाही, हे बरंच आहे. लिहिलेलं खोडत बसावं लागतं. आमच्याकडे तो दर दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती नव्यानं ठरतो, आणि ज्याच्या तोंडात त्या क्षणी चकली नसेल त्याचं म्हणणं वर्षभरापुरतं खरं मानलं जातं. पात्रं बदलतात, दोष इकडचा तिकडे होतो. एक प्रवास मात्र कायम: पुणे ते वाई, भाऊबीजेची सकाळ, नवी स्कूटर आणि तिच्यावर आम्ही चौघं.

त्याआधी आजोळी जायचं ते एस.टी.नं. दिवाळीच्या गर्दीत स्वारगेटला खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायचा रिवाज होता. बाबांचा रुमालावर विश्वास नव्हता. रुमाल कुणीही उचलून बाजूला ठेवतो. म्हणून एका वर्षी त्यांनी खिडकीतून माझा धाकटा भाऊच आत टाकला. पोरगं बसल्या जागी भोकाड पसरेल आणि ताबा पक्का होईल, असा हिशेब. हिशेब बरोबर ठरला. भोकाड पसरलं, जागा मिळाली, तीही खिडकीची. फक्त गाडी फलटणची होती. मग "पोरगं कुणाचं, पोरगं कुणाचं" असा पुकारा होत तो लोकांच्या डोक्यांवरून हातोहात दारापर्यंत आला. उतरला तेव्हा रडणं थांबलं होतं आणि मुठीत कुणाचा तरी अर्धा लाडू होता. तो लाडू बेसनाचा होता की रव्याचा, यावरून आमच्याकडे आजही दोन तट आहेत.

त्या दिवशी आईनं विचारलं, "अहो, तुमच्या त्या स्कूटरचं काय झालं?"

स्कूटरचं काय व्हायचं? नंबर लागायचा होता. 1972 साली बजाजची 'चेतक' आली आणि तिच्यामागोमाग रांगही. आकुर्डीचा कारखाना आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, पण पैसे भरून वर्षानुवर्षं वाट पाहायची. दहा-दहा वर्षं थांबलेली माणसं होती. परदेशी चलनात पैसे भरणारा नातेवाईक असला की नंबर लवकर लागे; आमचा सगळ्यात लांबचा नातेवाईक सोलापूरला होता. बाबांनी पैसे भरले तेव्हा त्यांचं लग्न ठरायचं होतं आणि स्कूटर दारात आली तेव्हा मी पहिलीत होते. वाईच्या आजोबांना स्थळ सांगताना मध्यस्थांनी "मुलाची स्कूटर आहे" असं सांगितलं होतं. 'आहे' आणि 'येणार आहे' यांतला फरक आईनं पुढं सायकलच्या कॅरिअरवर बसून अनुभवला.

ती आली दसऱ्याला. हँडलला झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू, पुढच्या पत्र्यावर आत्यानं कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं. बाबा पहिले काही दिवस ती चालवत नसत, नुसती पुसत. पंपावर गेलं की पेट्रोलमध्ये ऑइल घालायचं प्रमाण ते पंपावरच्या पोराला पुनःपुन्हा सांगत. ते पोर दिवसभर तेच करत असे.

आणि मग भाऊबीज. बाबांना सासुरवाडीच्या आळीत शिरायचं होतं ते हॉर्न वाजवत. आईचं म्हणणं, एस.टी.नं जाऊ, डबा आहे. हा डबा म्हणजे डालड्याचा मोठा, आणि त्यात अनारसे. आईचे अनारसे हा वाईत चर्चेचा विषय होता, त्यामुळे डबा मांडीवर आडवा होऊ द्यायचा नाही, ही प्रवासाची पहिली अट. भाऊ पुढं उभा, हॉर्नच्या बटणाला चिकटून. मग बाबा. मग मी, पुरणपोळीतल्या पुरणासारखी दोन्हीकडून दाबलेली. बाबांच्या शर्टाचं कापड हे माझं त्या प्रवासातलं मुख्य निसर्गदर्शन. मागं आई एका बाजूला पाय सोडून बसलेली, दोन्ही हात डब्याभोवती. ती कशाला धरून बसली होती हे आजतागायत कुणाला सांगता आलेलं नाही.

कात्रजचा जुना घाट चढताना बाबांनी स्कूटर दुसऱ्या गिअरवर आणली आणि भाषण सुरू केलं: चेतक हा महाराणा प्रतापांचा घोडा, हळदीघाटीच्या लढाईत, 1576 साली, जखमी पायानं ओढा ओलांडून गेला वगैरे. बोगद्यात शिरल्यावर ओरडायचं हा आमचा एस.टी.पासूनचा रिवाज. भावानं तो हॉर्न दाबून धरून पाळला. पुढं नीरेच्या पुलावर आईला नदीत नाणं टाकायचं होतं. तिचे हात डब्यात अडकलेले, म्हणून काम माझ्याकडे आलं. नाणं कठड्याला लागून रस्त्यावर परतलं. "थांबा हो, नदीचं आहे ते," आई म्हणाली. बाबा थांबले नाहीत. पुढं जे झालं ते यामुळंच झालं, हा आईचा पाठ.

घाटाआधी खंडाळा लागतं. हे सातारा जिल्ह्यातलं. लोणावळ्याशेजारच्या खंडाळ्याला सिनेमातली गाणी मिळाली, इथल्याच्या वाट्याला चढाआधीचा चहा आला. आम्ही उतरलो. बाबांनी भावाला स्कूटरची राखण करायला बसवलं, आणि तो महाराणा झाला. कडेला लावलेल्या स्कूटरवर त्यानं तोंडानं आवाज काढत हळदीघाटी लढली. जे फिरतं ते फिरवलं, जे दाबतं ते दाबलं.

खंबाटकीची पहिली वळणं झकास गेली. मग चेतकनं एक उसासा टाकला आणि उभी राहिली.

तेव्हा घाटात जाणारी-येणारी वाहनं एकाच रस्त्यावर, बोगदा पुढं कैक वर्षांनी झाला. बाबांनी स्कूटर कडेला घेतली, रिवाजाप्रमाणे तिरकी केली, सरळ केली, किक मारली. पुन्हा तिरकी. चेहरा शांत, फक्त शर्ट पाठीला चिकटत चाललेला. "प्लगमध्ये कचरा आलाय," त्यांनी जाहीर केलं. प्लग काढला, काचपेपरनं घासला, फुंकर मारली, आईच्या पदराला पुसला. आई काही बोलली नाही. ते न बोलणं वाईपर्यंत ऐकू जात असावं. आम्ही भुकेजलो, डबा उघडला गेला, अनारशांचा एक थर घाटात खर्ची पडला.

शेवटी वर चढणारा एक ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला, बाबांच्या हातातल्या प्लगकडे त्यानं पाहिलंसुद्धा नाही. वाकला, सीटखाली एक बोट घातलं.

"सायब, कॉक बंद हाय की."

"हो, तेच बघत होतो," बाबा म्हणाले.

पेट्रोलचा कॉक बंद असला तरी कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या थेंबांवर स्कूटर थोडी धावते, माणूस गाफील होईल एवढी. आईनं ड्रायव्हरला अनारसे दिले. तो म्हणाला, मोडलेत पण चांगलेत. हे वाक्य आईला अजून लागतं.

वाईत पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. मामा नवा सदरा घालून सकाळपासून पाटाभोवती घुटमळत होता. बहिणीनं ओवाळल्याशिवाय जेवायचं नाही. "दाजी, एस.टी. लवकर येते," एवढंच म्हणाला, पण उपाशी माणसाच्या तोंडून ते फार दूर ऐकू गेलं. बाबांना हॉर्न वाजवत शिरायचं होतं, ते मात्र झालं. भावानं ढोल्या गणपतीच्या देवळापासून बटण सोडलंच नव्हतं.

तर कॉक कुणी बंद केला? बाबांच्या पाठात तो ड्रायव्हरच्या येण्याआधी उघडाच होता, आणि स्कूटर चालू झाली ती प्लग घासल्यामुळं. आईला पहिल्यापासून ठाऊक होतं, पण तिला कुणी विचारलं नाही. भाऊ आता बँकेत कर्जाच्या फायली तपासतो. तो पुरावा मागतो, आणि त्या वयाच्या मुलाचा जबाब ग्राह्य नाही असंही वर ऐकवतो.

खरी प्रगती मामानं केली. सुरुवातीला तो घरी पाटाजवळ होता. काही दिवाळ्या गेल्यावर काळजीनं लूनावरून सुरूर फाट्यापर्यंत आलेला निघाला. ही लूना त्याचं पहिलं वाहन. चढाला पॅडल मारावं लागे, तरी त्याच्या सांगण्यात ती पुढं घाटही चढू लागली आणि कॉकवर पडलेलं बोट ड्रायव्हरचं न राहता मामाचं झालं. सगळ्यांत रंगवून तोच सांगतो, म्हणून कुणी अडवत नाही. यंदा त्यानं सुरुवातच केली, "आम्ही पाच जण पुण्याहून निघालो..."

बाबांनी मान डोलावली. भावानं पुरावा मागितला नाही. आईनं चिवड्याची वाटी खाली ठेवली.

"तू कुठं बसलास रे?" ती म्हणाली. "मागं माझा डबा होता."