जाळ मागं ओढ

पाककृतींची पुस्तकं पाण्याच्या बाबतीत फार काटेकोर असतात. तांदूळ एक वाटी, पाणी दोन वाट्या. हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ 1970 साली आलं आणि वाटी-चमच्याच्या मापांवर कितीतरी नव्या संसारांची पहिली आमटी शिजली. परदेशी निघालेल्या मुलींच्या बॅगेत ते पुस्तक लोणच्याच्या बरणीशेजारी बसून विमानातून गेलं. पण पाण्याशी हिशेबनीसासारखी वागणारी ही पुस्तकं विस्तवापाशी आली की एकाएकी कवी होतात. मंद आचेवर ठेवा म्हणतात, खमंग होऊ द्या म्हणतात, तांबूस रंग आला की उतरवा म्हणतात. तांबूस म्हणजे कितपत? आषाढातल्या गढूळ नदीइतका, की पैठणीच्या जुन्या काठाइतका? खमंगाची तर सरहद्दच कुठं आखलेली नाही. अलीकडे कच्चं, पलीकडे करपलेलं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळं सुख. तिथं जायचं कसं, हे लिहून ठेवायला अजून कुणाला जमलेलं नाही, कारण विस्तव वाटीत मावत नाही.

ही विद्या शिकायची हौस अलीकडे आमच्यासारख्या पन्नाशी गाठलेल्या गृहस्थांना फार येऊ लागली आहे. आयुष्यभर ज्यांनी गॅसचं बटण फक्त सिलिंडर बदलताना पाहिलं, ते आता इमारतीच्या गच्चीवर लोखंडी पोटाचं, तीन पायांचं बार्बेक्यू मांडून त्याच्याभोवती प्रदक्षिणा घालत असतात. या यंत्राचा पूर्वजही मोठा गमतीदार आहे. शिकागोजवळच्या एका धातुकामाच्या कारखान्यात पाण्यावर तरंगणारे बोये बनत. तिथं काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन नावाच्या गृहस्थांना घरामागच्या अंगणात मांस भाजताना वारा आणि राख छळत असे. 1952 साली त्यांनी बोयाचे गोल अर्धे भाग घेतले, एकाला पाय लावले, दुसऱ्याचं झाकण केलं आणि हवेसाठी भोकं पाडली. जहाजांना खडकांपासून सावध करायला जन्मलेली वस्तू अशी कोंबडीच्या सेवेत रुजू झाली, आणि सत्तर वर्षांनी आमच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी येऊन उभी राहिली.

बार्बेक्यूचा पहिला धडा असा, की त्यात बराच वेळ काहीच करायचं नसतं. लोणारी कोळसा पेटला की सुरुवातीला ज्वाळा उठतात, आणि पाहुण्यांना वाटतं, झालं, आता टाका जाळीवर. पण ज्वाळेवर भाजलेलं वरून काळं आणि आतून थंड राहतं. ज्वाळा निवाव्या लागतात, कोळशानं अंगावर पांढरी राख धरावी लागते, आतला लाल रंग त्या राखेतून मंद दिसावा लागतो. यात अर्धा तास सहज जातो. मैफलीत तानपुरे लागेपर्यंत श्रोत्यांनी जसं थांबायचं असतं, तसंच हे थांबणं. फरक इतकाच की तिथं कुणी गवयाला येऊन सांगत नाही की अहो, जरा पुठ्ठ्यानं वारा घाला. चुलीपाशी बसलेल्या बाईला सल्ला द्यायची कुणाची छाती होत नाही. बार्बेक्यूपाशी उभ्या असलेल्या पुरुषाला मात्र गच्चीवरचा प्रत्येक जण सल्ला देतो, आणि तोही तो गंभीरपणे ऐकून घेतो. या काळात त्याच्या हाती लांब चिमटा असतो. आणि एक गोष्ट पाहून ठेवा: कुणाच्याही हातात तो चिमटा आला की तो माणूस आधी हवेत दोनदा वाजवून बघतो. न्यायाधीश बघतील, दंतवैद्य बघतील, आमच्या सोसायटीचे चिटणीसही बघतात. त्या टकटक आवाजानंतरच पुरुषाला अधिकार चढतो.

मग जाळीवर पहिला तुकडा पडतो, चर्र होतं, आणि जो वास येतो त्यालाही एक कुळकथा आहे. लुई कामीय मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं 1912 साली साखर आणि अमिनो आम्लं एकत्र तापवली की ती तपकिरी होतात, असं नोंदवलं. त्याला स्वयंपाकाशी काही देणंघेणं नव्हतं. तरी कोंबडीच्या तंगडीवर, पनीरच्या कडेवर, पावाच्या कवचावर आणि शेंगदाण्याच्या टरफलाखाली जे घडतं, त्याला आज त्याचंच नाव आहे. हे रंगकाम साधारण 140 अंश सेल्सियसच्या पुढं जोर धरतं. पाणी मात्र 100 अंशांवर उकळतं, आणि जोवर वर ओल आहे तोवर पृष्ठभाग तिथंच अडकून राहतो. म्हणून रात्रभर दह्या-मसाल्यात मुरवलेली कोंबडी जाळीवर ठेवण्याआधी अंगावरचं जादा दही निपटून काढायचं. तंगडीच्या हाडाजवळचा भाग 74 अंशांना पोचला की ती खायला निर्धोक. त्यासाठी सुईसारखा तापमापक मिळतो. मात्र तो टोचून आकडा वाचणाऱ्या माणसाचा चेहरा आजारी मुलाचा ताप बघणाऱ्या बापासारखाच होतो, आणि बाजूचे लोकही आपोआप आवाज खाली आणतात.

दुसरा धडा असा, की जाळीखाली विस्तव सगळीकडे सारखा पसरायचा नाही. निखारे एका अंगाला लोटायचे, दुसरं अंग रिकामं सोडायचं. धगीच्या बाजूला रंग आणायचा, आणि मग तुकडा निवांत बाजूला सरकवून, झाकण लावून आतपर्यंत शिजू द्यायचा. जगभरचे जाणकार हे दोन प्रांत मानतात. आपल्याकडेही मानतात, पण आपल्याकडे त्यांतल्या एकाचं नाव शाकाहारी आणि दुसऱ्याचं मांसाहारी. पाहुण्यांत एखादी गुरुवार करणारी मामी असतेच. मग जाळीच्या मध्यावर ढोबळी मिरच्यांची रांग सरहद्दीवरच्या पहारेकऱ्यांसारखी उभी राहते, कोंबडी धगीवर जळते, आणि पनीर थंड बाजूला बसून घाम गाळतं. शास्त्र म्हणतं अन्न हलवा. धर्म म्हणतो हलवाल तर खबरदार. यावरचा तोडगा एका वहिनींनी काढला. मामींचं पनीर आधी, मोकळ्या जाळीवर दोन्ही प्रांत फिरून भाजून घ्यायचं, मामींचं ताट वाढायचं, आणि मगच कोंबडीला बोलवायचं. हे सुचवून त्या कांदा चिरायला खाली गेल्या.

त्या गेल्या त्या जिन्याकडे बघताना मला आजोळची चूल आठवते. कोरेगावाकडचं मातीचं घर, शेणानं सारवलेली जमीन, आणि भिंतीकडेला ती चूल. तिच्या कुशीत एक वैल होता. वैलाला स्वतःचं सरपण नसतं. चुलीतला जाळ आतल्या वाटेनं त्याच्याकडे येतो तेवढीच त्याची मिळकत. चुलीवर तवा, वैलावर वरणाचं पातेलं. तवा चढ्या आचेचा हट्टी, वरण सावकाशीचं. हे दोन प्रांत आजी कुठल्या वर्गात जाऊन शिकली नव्हती. चूल घालतानाच ते मातीत घातलेले होते. आच कमी करायची तर बटण नव्हतं. आम्हा मुलांपैकी जो जवळ असेल त्याला ती म्हणे, “जाळ मागं ओढ रे.” म्हणजे पेटतं लाकूड विताएवढं बाहेर ओढायचं. वाढवायची तर आत सारायचं आणि फुंकणी घ्यायची. आज मी झाकणावरची भोकं अर्धी मिटून निखाऱ्यांची हवा कमी करतो आणि मोठ्या तंत्राचा धनी झाल्यासारखा मागं होतो, तेव्हा खरं तर जाळच मागं ओढत असतो.

आणि तिची भाकरी. थापलेली भाकरी तव्यावर पडली की वरून पाण्याचा हात फिरे. ते पाणी सुकायच्या बेतात आलं की ती उलटायची; दुसरी बाजू भाजली की तवा उतरवून भाकरी चुलीच्या तोंडाशी, ओढून घेतलेल्या निखाऱ्यांसमोर उभी करायची. आतली वाफ कोंडली जाऊन पापुद्रा सुटायचा आणि भाकरी टम्म फुगायची. कुठं फुटू लागली तर बोटानं तेवढ्यावर दाब द्यायची. त्या बोटांना तापमापक लागत नसे. हे सगळं गप्पा मारत, एका डोळ्यानं मांजराकडे बघत, दिवसातून दोन वेळा चाले, आणि भाकरी फुगली म्हणून कुणी टाळ्या वाजवल्याचं मला आठवत नाही. रात्री ती उरलेला विस्तव राखेखाली झाकून ठेवी. सकाळी राख बाजूला केली की आत एखादा निखारा जागा असायचा. नसलाच, तर शेजारघरी जाऊन विस्तव मागून आणायचा, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नसे.

उघड्यावरचं भाजणं मात्र आपल्याकडेही पुरुषांनी फार पूर्वीच स्वतःकडे घेतलेलं आहे. थंडीत सोलापूर-नगरकडे शेतात आगटी पेटते. गोवऱ्यांच्या विस्तवात गुळभेंडी, सुरती ज्वारीची कणसं खुपसायची आणि गरमागरम तळहातावर चोळून हिरवे दाणे काढायचे. चोळणाऱ्याचा तळवा हा त्याचा दाखला. खानदेशात भरताच्या पार्ट्या होतात. जळगावच्या त्या हिरव्या, मोठ्या भरिताच्या वांग्याला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याची खरी परीक्षा कपाशीच्या वाळक्या काड्यांच्या जाळावरच होते. ताठ मानेचं वांगं हळूहळू सैल पडतं, सेवानिवृत्तीनंतरच्या पहिल्या सोमवारी एखादा साहेब पडतो तसं. मग ते लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचलं जातं आणि कळण्याच्या भाकरीशी त्याची गाठ पडते. रायगडात पोपटी लागते: मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, अंडी, कुणी कोंबडीही घालतं. तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडकं उपडं ठेवायचं आणि वरून पेंढा-पाचोळा पेटवायचा. पाण्याचा थेंब नाही, आणि मधे डोकावायची सोय नाही. पोपटी झाली की नाही, हे वासावरून ओळखायचं. वर्षातून एखाद्या रात्री होणाऱ्या या सोहळ्यांच्या कथा मग पुरुष उरलेलं वर्षभर सांगतात. रोज होतं त्याची कथा होत नाही, भाकरीचं दैव तेच.

आमच्या गच्चीवरचाही हिशेब मांडून पाहिला तर पुरुष दोन तास विस्तवापाशी उभा असतो. कोंबडी आदल्या रात्री दुसऱ्याच कुणी मुरवलेली असते, चटणी दुसऱ्या कुणी वाटलेली असते, आणि शेवटी ती काळी जाळी कोण घासतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी वाहवा चिमट्याची होते, आणि चिमटाही ती नम्रपणे स्वीकारतो.

पण मला या कार्यक्रमाचा आवडता भाग जेवणं उरकल्यावर येतो. कोळसे अजून पुरते विझलेले नसतात. धुराबद्दल सकाळी कुरकुर केलेल्या खालच्या मजल्यावरच्या काकू तेव्हा हळूच जिन्यात येतात. पदराआड एक वांगं असतं. “गॅसवर भाजलं की तो वास येत नाही हो, ठेवता का जरा?” त्यांच्यामागून कुणी लसणाचा गड्डा आणतं, कुणी रताळं. राखेत जागा सगळ्यांनाच मिळते. काकू मग खुर्ची ओढून बसतात, आणि चिमट्याची वाट न बघता दोन बोटांनी वांगं फिरवतात. केव्हा फिरवायचं हे त्यांना कुणी सांगत नाही, आणि त्यांनाही कुणाला सांगता येणार नाही.

तेव्हा बार्बेक्यू आणायचा विचार असेल तर जरूर आणा. महागडे तापमापक, कातडी हातमोजे, धुराची लाकडं, सगळं मागाहून घ्या. आधी घरात जिनं हजारो भाकऱ्या भाजल्या आहेत तिला वर बोलवा, विस्तवाजवळची चांगली खुर्ची द्या आणि पहिलं ताट तिला वाढा. ती ‘जाळ मागं ओढ’ म्हणाली तर वाद न घालता ओढा. आणि मीठ कुठं ठेवलंय, हे त्या दिवशी तरी तिला विचारू नका.