कराडकर कुठं राहतात?

कराडकर आडनावाचा माणूस हवा असेल तर तो कराड सोडून कुठंही शोधावा. पुण्यात सापडेल, मुंबईत सापडेल, पंढरपुरात तर त्या नावाचा मठच आहे. कराडात मात्र मंडईतून निघून प्रीतिसंगमापर्यंत दारावरच्या पाट्या वाचत गेलात, तर जाधव, पाटील, थोरात, डुबल, मुल्ला, बागवान, शहा असे सगळे भेटतील. कराडकर भेटलाच तर तो बहुधा बदली होऊन आलेला असेल.

शाळा सोडल्याचा दाखला असतो, तसा आडनावातला 'कर' हा गाव सोडल्याचा दाखला आहे. गावात सगळेच गावचे. तिथं 'मी इथलाच' असं छातीवर हात ठेवून सांगणारा माणूस एक तर निवडणुकीला उभा असतो, नाही तर बाहेरचा असतो. दुसऱ्या गावात बिऱ्हाड केलं की मग तिथल्या लोकांना प्रश्न पडतो, हे कोण? आणि त्या प्रश्नाचं उत्तर ते आपल्या नावामागं लावून टाकतात. असं आडनाव आपण घेत नाही. ज्यांना आपण नवखे, ते ते देतात, आणि पुढं चार पिढ्या आपण ते कौतुकानं मिरवतो.

हां, वर्तमानपत्रात कराडकर रोज असतात. 'कराडकर घामाघूम', 'वाहतुकीमुळं कराडकरांची कोंडी', 'पाण्यासाठी कराडकर रस्त्यावर'. पण तिथं ते कायम अनेकवचनी, आणि बहुतेक वेळा त्रासलेले. एकटा आणि सुखात असलेला कराडकर अजून कुठल्या मथळ्यात आमच्या वाचनात आलेला नाही. आडनावात नसलेला कर नगरपालिका मात्र दरवर्षी न चुकता घेते.

या साऱ्या मंडळींचा मूळ पुरुष कोण, असं कुणी विचारलं तर मी महिकाचं नाव पुढं करीन. रायगड जिल्ह्यात तळा गावाच्या बाजूला, राजपुरीच्या खाडीच्या अंगाला कुडे लेणी आहेत. इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत ज्यांनी भिक्खूंसाठी ही लेणी आणि टाकी दान दिली, त्यांची नावं तिथं ब्राह्मीत कोरलेली आहेत. कुणी वैद्य, कुणी माळी, कुणी व्यापारी. त्यातलाच एक महिक, कारहाकडचा लोखंडाचा व्यापारी. कारहाकड, करहाटक, कऱ्हाड, कराड. गाव तेच, जिभा बदलत गेल्या. आता हा गृहस्थ बैलांच्या पाठीवर लोखंड लादून कुठल्या तरी घाटानं खाली उतरला असणार, बंदराच्या बाजूला जम बसला असणार, आणि चार पैसे गाठीला आल्यावर दानधर्माची बुद्धी झाली असणार. तो हट्ट करता तर घराजवळच लेणं देऊ शकला असता. कराडच्या उशाशी आगाशिवाचा डोंगर लेण्यांनी भरलेला आहे. पण तिथं नावापुढं गाव कशाला लागलं असतं? तिथं महिक म्हटलं की लोक म्हणाले असते, 'कोण, आपला लोखंडवाला?' आणि विषय संपला असता. घाट उतरला म्हणून तो कराडकर झाला. आमच्या गावचं नाव असं दगडात टिकलं ते गावाबाहेर गेलेल्या माणसाच्या कृपेनं.

त्याच्याही आधीचा एक लेख आहे, आणि तो तर आणखी लांब, मध्य प्रदेशात सतना जिल्ह्यातल्या भारहूतच्या स्तूपाच्या दगडी कठड्यावर. तो कठडा आता कोलकात्याच्या संग्रहालयात आहे. करहकट नावाच्या निगमानं, म्हणजे गावातल्या व्यापारी मंडळींनी मिळून, दान दिल्याचं त्यावर कोरलेलं आहे. हे करहकट म्हणजे आपलंच कराड, असं अभ्यासक मानतात. म्हणजे वर्गणी काढणारे अनेकवचनी कराडकर दोन हजार वर्षांपूर्वीही होते, आणि पावती त्यांनी गावाबाहेरच फाडली होती.

कऱ्हाडे ब्राह्मणांचं तर काय सांगावं! ज्ञातीचं नाव आमच्या गावावरून, वस्ती मात्र मुख्यतः राजापूर, लांजा, सावंतवाडी आणि खाली गोव्यापर्यंत. झाशीचे नेवाळकर, म्हणजे राणी लक्ष्मीबाईंचं सासर, हे कऱ्हाडे. मूळचे रत्नागिरीकडचे आणि राज्य केलं बुंदेलखंडात. कराडच्या नावाची माणसं कोकणातून निघून झाशीला पोचली. या प्रवासात कराड लागतच नाही. 'आम्ही कऱ्हाडे' असं सांगणारे एक राजापूरचे पाहुणे मागं आमच्याकडं आले होते. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते पाहून झालं, मनोरे पाहून झाले, पंतांच्या कोटातली नकट्या रावळाची विहीर पाहून झाली, आणि मग त्यांनी हळूच विचारलं, 'इथं मासे कुठं मिळतील हो, निदान घरी न्यायला?' कऱ्हाडे ब्राह्मणाच्या तोंडी हा प्रश्न ऐकून मी चपापलो. 'शेजाऱ्यांनी सांगितलंय,' असा खुलासा त्यांनी ताबडतोब केला.

आम्हा देशावरच्यांच्या आडनावावरून गावाचा पत्ता लागत नाही. १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचं कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव गोळेश्वरचे, म्हणजे कराडातून चालत जावं इतक्या अंतरावरचे. तेच कोकणात जन्मले असते तर ऑलिंपिकच्या दप्तरात गोळेश्वरचं नाव लागलं असतं. यशवंतराव चव्हाण देवराष्ट्र्याला जन्मले, कराडचे झाले, दिल्लीत इतकी वर्षं राहिले, आणि समाधी प्रीतिसंगमावर. पण ते देवराष्ट्रेकरही झाले नाहीत आणि कराडकरही झाले नाहीत. चव्हाण ते चव्हाणच.

अडचण एवढीच, की असे चव्हाण, जाधव, पाटील फार झाले. ही अडचण सर्वांत आधी कळते ती पिठाच्या गिरणीत. आमच्या पेठेतल्या गिरणीत सकाळी डब्यांची रांग लागते आणि पापण्यांवर पीठ बसलेला गिरणीवाला शिसपेन्सिलीनं चिठ्ठ्या लिहून डब्यात टाकतो. 'पाटील' लिहून भागत नाही. म्हणून 'पाटील बँक', 'पाटील जिना', 'जाधव बुलेट', 'पाटील कुत्रं'. एकदा शेवटच्या डब्याच्या मालकीणबाईंनी चिठ्ठी वाचली.

'अहो, हे काय लिहिलंय माझ्या डब्यावर?'

'वहिनी, तुमच्याकडं कुत्रं हाय न्हवं?'

'ते गेलं की गेल्या दिवाळीत.'

गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला, घटकाभर विचार केला, आणि म्हणाला, 'मग ऱ्हाऊ दे की. उगं दुसऱ्याचं पीठ तुमच्याकडं आलं तर पंचाईत.'

आडनावं जन्माला येतात ती अशी, पंचाईत नको म्हणून. त्यातलं एखादं घरात राहतं, कुत्रं गेल्यावरही. राजकारणातही तीच गिरणी चालते. विलासकाका पाटील कराड दक्षिणमधून सात वेळा आमदार झाले, पण नुसतं 'पाटील' म्हणून त्यांना कोण ओळखणार? ते उंडाळकर. उंडाळे तालुक्यातलंच गाव, तिथून कराडात यायला एसटीला फार वेळ लागत नाही. एवढ्याशा अंतरातसुद्धा 'कर' लागला, कारण या बाजूला पाटलांची गर्दी दाट.

मोठ्या प्रवासाचं उदाहरण आमच्या जिल्ह्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव घातलं गेलं. घराण्याचं आडनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे. वडील लष्करातून निवृत्त होऊन साताऱ्यात राहत होते. आंबडव्यातच राहिलेल्या सकपाळांना गावाचं नाव लावायची गरज पडली नसती. गाव सुटलं म्हणून आंबेडकर हे आडनाव झालं, आणि ते लहानसं गाव घटनेपर्यंत जाऊन पोचलं.

उलटाही प्रकार आहे, आणि तो मला जास्त आवडतो. आमचं रेल्वे स्टेशन कराडात नाही, ओगलेवाडीत आहे. ओगल्यांनी तिथं काचेचा कारखाना काढला, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर लागला, आणि माळाला त्यांचं आडनाव मिळालं. तिथून मिरजेकडं जाणारी गाडी पकडली की पुढं किर्लोस्करवाडी. किर्लोस हे कोकणातलं गाव. त्यावरून आडनाव किर्लोस्कर. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून कारखाना हलवायची वेळ आली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला, आणि १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी वसली. गावावरून आडनाव आणि आडनावावरून गाव! आता तिथला एखादा पोरगा नोकरीसाठी नाशिकला जाऊन राहिला आणि लोकांनी रीतीप्रमाणं त्याला 'किर्लोस्करवाडीकर' म्हटलं, तर एका आडनावात दोनदा कर भरणारा तो बहुधा पहिलाच. त्याच लोहमार्गावर पुढं मिरजेत सतारमेकर आडनावाचे लोक आहेत, पिढ्यान् पिढ्या सतारी-तंबोरे घडवणारे. त्यांना 'सतारमे हे गाव कुठं आलं?' असं विचारणारा एक भला माणूस मी स्वतः पाहिला आहे.

सर्वांत लांब गेलेले 'कर' मात्र आपल्या लक्षातही येत नाहीत. कोकणातले ज्यू, म्हणजे बेने इस्राएल. किहीमचे किहीमकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, चौलचे चेऊलकर. 'बूट पॉलिश' सिनेमातले डेव्हिड हे याच चेऊलकरांपैकी. शतकानुशतकं तेल गाळत, शनिवारी घाणा बंद ठेवत ही मंडळी तिथं राहिली. इस्राएल झाल्यावर पुष्कळजण तिकडं गेले. आज लोद, अश्दोदपासून वाळवंटाच्या तोंडाशी असलेल्या बेरशेबा, दिमोनापर्यंत दारावर पेणकर-रोहेकर लागलेले आहेत. ज्या देशाला ते आपला मूळ देश म्हणून गेले, तिथं पोचल्यावर आडनाव सांगतं रायगड जिल्ह्यातलं गाव. त्यांनी 'मायबोली' नावाचं त्रैमासिक काढलं, तेही मराठीतच.

विलायतेत हे सगळं कोण कुणाला समजावून सांगणार? माझा भाचा लंडनला असतो, क्रॉयडनच्या बाजूला. त्याच्या शेजारी घानाच्या एक बाई राहतात, आडनाव मेन्सा. त्या भागात घानाचे लोक पुष्कळ, आणि मेन्सा हे त्यांच्यातलं घरोघरचं नाव. अकान लोकांत मूल ज्या वारी जन्मलं त्या वाराचं नाव त्याला मिळतं, आणि कितवं अपत्य त्याचंही. कोफी अन्नान यांच्या नावातला कोफी म्हणजे शुक्रवारचा, अन्नान म्हणजे चौथा. क्वामे एन्क्रुमा यांच्यातला क्वामे शनिवारचा. मेन्सा म्हणजे तिसरा मुलगा. तिकडं हे ज्याचं त्याचं नाव होतं. मग मिशनच्या शाळा आल्या, सरकारी फॉर्म आले, आणि बापाचं नाव मुलांचं आडनाव होऊन बसलं. आता लंडनमध्ये पोरी, सुना, नाती, सगळ्याच 'तिसरा मुलगा'.

भाच्यानं हे त्या बाईंकडून ऐकलं आणि मला फोनवर हसत सांगितलं. 'मामा, त्या स्वतः घरात सगळ्यांत थोरल्या आहेत. मला म्हणाल्या, आता तुझ्या आडनावाचं सांग.'

'मग?'

'सांगितलं, पाटील म्हणजे गावचा प्रमुख. लगेच त्यांनी खुर्ची पुढं केली. मग म्हणावं लागलं, पाटीलकी आमच्या घरात कधी नव्हतीच, आणि ज्यांच्यात होती त्यांचीही सरकारनं १९६२ च्या कायद्यानं काढून घेतली.'

'खुर्ची परत घेतली का त्यांनी?'

'नाही. पण म्हणाल्या, असल्या नावाचा काय उपयोग, तू राहतोस कुठला ते सांग. कराड म्हणालो. तेव्हापासून मिस्टर कराड म्हणतात. आता आमच्या मजल्यावर सगळेच म्हणतात.'

मी मनातल्या मनात महिकाला नमस्कार केला. फोन आक्काच्या हातात होता, स्पीकरवर. ती एवढा वेळ शेंगा फोडत ऐकत होती. तिनं शेंगांची सुपली बाजूला सारली आणि लेकाला झापलं, 'कराड कशाला सांगितलंस त्या माऊलीला? आपण ओंडचं. कराडात आपलं काय हाय, दोन खोल्या, त्यापण भाड्याच्या!'